बावीस तंबोरे

ज्यांचे तंबोरे बनत त्या भोपळ्यांचे वेल रोगाने संपले, त्याला अकरा वर्षं झाली होती. तंबोऱ्यांच्या मिरजेतही तंबोरा आता संगणकातच वाजत असे. त्याच्या आवाजाचा नवा पॅच, म्हणजे संगणकात तो आवाज घडवणारा साचा, शाल्मलीने सात महिने खपून तयार केला होता आणि आज तो सगळ्या संगीतशाळांना जायचा होता. पाठवण्याआधी तिने इस्माईलचाचांना बोलावलं. त्यांनी उभी हयात तंबोरे घडवण्यात घालवली होती. आता कानांनी साथ सोडलेली, म्हणून त्यांनी स्पीकरवर तळहात टेकवला.

"जवारी केसभर जास्त घासलीस, बेटी."

शाल्मलीने पडद्यावर जवारीचा, म्हणजे तारांखालची घोडी किती घासायची त्याचा, आकडा किंचित खाली आणला. षड्ज असा भरून घुमला, की तिच्या अंगावर काटा आला.

"आता झाला ना, चाचा?" तिने त्यांच्या कानाशी मोठ्याने विचारलं.

"झाला. पण सगळ्यांना हा एकच देणार? माझ्या हातून दोन तंबोरे कधी सारखे निघाले नाहीत."

शाल्मलीने पाठवणं थांबवलं. प्रत्येक प्रतीत भोपळ्याची जाडी, लाकडाचं वय आपोआप थोडंथोडं बदलेल, अशी सोय तिने केली.

चार दिवसांनी एका संगीतशाळेच्या वर्गात बावीस मुलींनी संगणकावर बावीस तंबोरे उघडले. प्रत्येकीचा निराळा बोलत होता. आजवर सगळ्यांचा आवाज एकच असायचा; आयुष्यात पहिल्यांदाच त्या एकमेकींच्या तंबोऱ्याकडे कान देऊन सूर जुळवत बसल्या.