विसावी जागा

किटलीचं झाकण खडखडू लागलं.

सुनिवाने किटली चुलीवरून उतरवली. पाच वर्षांची ओसे तिच्या झग्याला धरून होती. न्यायाधीश स्काउगे स्वतःच्याच चित्रासमोर उभे होते आणि चित्रकार एइलिफ, सुनिवाचा नवरा, खिडकीपाशी दाढी चोळत होता.

फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठावरच्या त्या गावात सभागृहाची एक भिंत एइलिफच्या चित्रांसाठी राखलेली होती. तिथे फक्त मोठ्या मनाची, मोठ्या बुद्धीची माणसं चित्रात लागत. एकोणीस झाली होती. विसाव्या जागेवर जहाजमालक ब्रूनचा डोळा होता.

"काल परत आला होता," एइलिफ म्हणाला. "म्हटलं, ब्रूनसाहेब, तुमची जहाजं फुकट रंगवून देतो, तोंड नाही!"

न्यायाधीश हसले नाहीत. खोट्या निकालावर सही करायला नकार दिला म्हणून त्यांची खुर्ची गेली होती. आता ते तळघरातल्या एका खोलीत राहत. चित्र पटलं नाही तर हा माणूस तोंडावर नाही म्हणणार, आणि नगरसभा ती जागा ब्रूनला देऊन मोकळी होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सुनिवा कॉफी ओतायची सोडून न्यायाधीशांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"अगं, तू कशाला घाबरतेस?" एइलिफ म्हणाला.

"तासभरच बसवलंत मला," न्यायाधीश म्हणाले. "त्यातही तुमची बडबडच जास्त. कॉफी मात्र तीनदा आली. मग मला घालवलंत आणि दार लावून घेतलंत."

"कोणी बघत असलं की हात चालत नाही, साहेब. आत फक्त ही असते, रंग खलायला."

"आणि मी!" ओसे म्हणाली.

"हो बाई, आणि तू."

न्यायाधीश आणखी वाकले. "हा डावा डोळा भ्यालेला आहे," ते हळूच म्हणाले. "सही नाकारली त्या दिवशी मी भ्यालो होतो. बायकोलासुद्धा कळू दिलं नव्हतं." मग ते सरळ झाले. "चित्र खरं आहे. लावा."

सुनिवाने पाठ फिरवून एप्रनने डोळे टिपले. एइलिफने मोठा श्वास सोडला, बारीक कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि चित्राच्या कोपऱ्यात झोकात आपलं नाव घातलं. न्यायाधीशांनी टाळ्या वाजवल्या.

ओसेने आईचा झगा ओढला.

"आई, चित्र तर तू काढलंस. मग नाव बाबा का घालतात?"