हवेची वाटणी

आठवड्यापूर्वी एसी मिस्त्रीने एका कुटुंबाच्या गाडीत हवेची रीतसर वाटणी करून दिली होती. नवऱ्याच्या पायांशी, बायकोच्या तोंडावर आणि मागे सासूबाईंना. तिघांना तीन बटणं. आज तिघंही भांडत पुन्हा गॅरेजात हजर.

"हे गुपचूप माझी हवा स्वतःकडे वळवतात," बायको म्हणाली.

"मी? माझ्या पायांचं गारठून लाकूड झालंय!" नवरा उसळला.

मागून मफलर गुंडाळलेल्या सासूबाई कण्हल्या, "तुमच्या ओढाताणीत सगळा झोत माझ्यावर येतो. मान धरलीय माझी."

मिस्त्री डॅशबोर्डखाली शिरला आणि तिथेच थिजला. हवा फेकणाऱ्या पंख्याची जागा रिकामी होती. साफ करायला काढलेला पंखा आठवडाभर त्याच्याच फळीवर, फडक्याखाली पडून होता.

सांगावं तर अब्रू जाणार. तिघांची जुंपलेली बघून त्याने मुकाट्याने पंखा आणून बसवला आणि सुरू केला. डॅशबोर्डवरचे कागद भर्रकन उडून मागे गेले.

सासूबाईंनी तोंडावर चिकटलेला कागद सोडवला, मफलर काढला आणि सुस्कारा टाकला.

"आता कसं! थांबली बाई एकदाची हवा."