बेलभंडार

उद्या सकाळी भैरोबाच्या देवळात बेलभंडार उचलायचा, नाहीतर गाव सोडायचं, असा निरोप आला तेव्हा केशव मास्तर भाकरीचा तुकडा मोडत होते.

निरोप घेऊन दत्तोबा पाटील स्वतःच आले होते. ओसरीच्या कडेला टेकत ते म्हणाले, "मास्तर, देव न्हाई असं तुमी पोरांस्नी सांगितलं म्हनं. लोकं लय तापल्यात. भंडार उचला, म्हना मी असं बोललो न्हाई. मिटलं!"

देव न मानणाऱ्याची परीक्षा देवाच्याच शपथेवर घ्यायची, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कार्ल्याच्या डोंगराखालच्या त्या वाडीत वाद मिटवायची तीच रीत होती. बेलाची पानं आणि देवाची हळद हातात घेऊन कुणी खोटं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

आणि मास्तर तर तसं बोलले होते. गावात देवीची साथ आली तेव्हा त्यांनी पोरांना लस टोचून घ्यायला सांगितलं, देवीचा कोपबिप काही नसतो म्हणाले, आणि एकदा सुटलेली जीभ थेट भैरोबापर्यंत गेली. माणूस लाख चांगला, पण गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. त्यांच्या आधीचे मास्तर चिखलाला आणि डासांना कंटाळून पळाले होते. हे गेले की शाळेला कुलूप लागणार होतं.

पाटील गेले तशी अंबूबाई चुलीपासून बाहेर आली. मास्तर तळेगावहून आले तेव्हापासून तिच्याच ओसरीवर राहत होते, तिच्याच हातचं जेवत होते. एन्फ्लुएंझाच्या वर्षी तिचा नवरा आणि एकुलता एक मुलगा आठवड्याच्या आत गेले. त्यानंतर ती जी देवाला लागली ती लागलीच. भैरोबाला पहाटेचं पाणी तिचं, सांजेचा दिवा तिचा. नवस मात्र ती कधी बोलली नाही. गाव म्हणे, भक्ती असावी तर अशी, काही न मागणारी.

या दोघांचं रोज जेवताना वाजायचं.

"वरच्या लेण्यांत बुद्धाची माणसं राहत होती, मावशी," मास्तर सांगत. "देवाचं नाव न घेता त्यांनी डोंगर कोरला."

"आन शिवाजी म्हाराज काय येडं हुतं? भवानीच्या पाया पडायचं त्ये!"

"गड कुणी घेतले? देवीने की महाराजांनी?"

"दोगांनी."

मग मास्तर अकबर बादशहाला बोलवीत. त्याने सगळ्या धर्मांचे पंडित समोर बसवून त्यांची भांडणं ऐकली होती.

"मंग ठरलं काय?"

"काहीच नाही."

"येवड्या बादशाचं ठरलं न्हाई, आपलं काय ठरनार? जेवा."

एकदा मास्तरांनी फारच ताणलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "देवाला धरून ऱ्हानाऱ्या बाईच्या दारात कुनी वाकडं पाऊल टाकत न्हाई, मास्तर. माज्यासारख्या एकलीला येवडा उपेग पुरे."

आज मात्र तिने वाद घातला नाही. "उचला की भंडार," ती म्हणाली. "तुमच्या लेखी पाला आन हळदच न्हवं?"

"खोटं बोलू?"

"शाळंसाठी."

 शेवटी मास्तरांनी होकाराची मान हलवली.

सकाळी अख्खी वाडी देवळात जमली होती. पाटलांनी तबक पुढे केलं. मास्तरांनी हात लांबवला, आणि तो तबकाच्या काठाशी थांबला. खोट्याचा तिटकारा, दुसरं काय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण गेल्याच महिन्यात सगळी पोरं रोज शाळेत येतात असं तपासनीसाला त्यांनी बेधडक सांगितलं होतं. तेव्हा असा घाम फुटला नव्हता. समोर शेंदूर माखलेला भैरोबा रोखून बघत होता, आणि हात काही पुढे जाईना. लोकांत कुजबूज सुरू झाली.

"सरका," म्हणत अंबूबाई पुढे आली. तिने बेलभंडार ओंजळीत उचलला. "मास्तर माज्या घरात ऱ्हात्यात. रोज सांजच्याला माज्या देवापुढं हात जोडत्यात. पोरांस्नी त्ये असलं काय बी बोललं न्हाईत. मी खोटं बोलत आसन तर भैरोबा माजं वाटोळं करो."

तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. पाटलांनी चिमूटभर भंडार घेऊन मास्तरांच्या कपाळाला लावला. "अंबूबाईनं उचलला, मंग आता कुनी शब्द काडायचा न्हाई," ते म्हणाले. लोक पांगले.

शाळा वाचली. घरी येऊन अंबूबाईने ताट वाढलं तसे त्यांचे डोळे भरून आले.

"मावशी, माझ्यासाठी तुम्ही देवासमोर खोटं बोललात. ज्याला जन्मभर पुजलंत त्याच्यासमोर! आता तुमचं काही बरंवाईट झालं तर मी काय करू?" ताट तसंच ठेवून ते उठले. "आपण आत्ताच्या आत्ता डोंगरावर जाऊ. मी वरच्या एकवीरा देवीपुढे नाक घासतो. सगळं पाप माझ्या माथी घाल म्हणतो."

अंबूबाई त्यांच्याकडे बघत राहिली. आजारी लेकराकडे बघावं तसं. मग तिने भाकरी त्यांच्या ताटात ठेवली.

"जेवा गुमान," ती म्हणाली. "तितं कुनी न्हाई, मास्तर. तुमी गावात यायच्या लय आदीपस्नं मला ठावं हाय."