वादळाचं प्रकरण

"आज वादळाचं प्रकरण वाच," खीरोदाबाई म्हणाल्या.

गेले कितीतरी दिवस शेफाली या प्रकरणाला वळसा घालत होती. कधी दिव्यात तेल कमी आहे म्हणायची, कधी मागचंच प्रकरण पुन्हा वाचायची, आणि सासूबाई तेही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या ऐकायच्या.

"आज नको, आई. ते आले की वाचू."

"का गं? पुस्तकातल्या वादळानं आपलं छप्पर उडणार आहे?"

शेफाली कसनुसं हसली. तिचा नवरा गौरांग मध काढायला जंगलात गेला होता. नवरा जंगलात असेपर्यंत त्यांच्या बेटावरच्या बायका केसांना तेल लावत नाहीत, कंगवा फिरवत नाहीत, भांगात सिंदूर भरत नाहीत. तो धडपणे घरी परतला की सासू सुनेला समोर बसवते, तेल लावून वेणी घालते आणि आपल्या हातानं तिचा भांग भरते. अशा दिवसांत बुडणाऱ्या नावेची गोष्ट मोठ्यानं वाचायची? शेफालीनं शेवट आधीच चोरून वाचला होता. पुस्तकातला नावाडी घरी परतत नव्हता.

खरी भीती त्याहून मोठी होती. परवा वैशाखातलं वादळ झालं. काल त्याच्याबरोबर गेलेल्या हारानकाकांची नाव आली, गौरांगची आली नाही. शेफालीनं घाटावरच हारानकाकांना हात जोडले, आईंना एवढ्यात काही सांगू नका. थोरला मुलगा असाच गेला तेव्हा खीरोदाबाईंनी वर्षभर अंथरूण धरलं होतं. आता दुसरा धक्का त्यांना सोसला नसता. म्हणून तिनं घरी येऊन सांगून टाकलं, यंदा मध भरपूर लागलाय, गौरांगची नाव मागे थांबलीय. खोटं बोलताना तिचे ओठ कापत होते. पण सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना आपला चेहरा दिसत नाही, एवढाच काय तो तिला आधार.

आज दुपारी ती तळ्यावरून आली तर घरात मोहरी घातलेल्या माशांचा वास. विधवेला मासे वर्ज्य, म्हणून इतकी वर्षं माशाला हात न लावणाऱ्या खीरोदाबाई चाचपडत चाचपडत चुलीपाशी बसल्या होत्या.

"मासे कुणी आणले?"

"हारान देऊन गेला."

"काही म्हणाले का?"

"काय म्हणणार? वादळ सरलं म्हणाला. तू जेवून घे आधी."

त्या ताटाजवळच बसून राहिल्या. माशाचं डोकं तिला आवडतं म्हणून तेही तिच्याच पानात. एरवी दिवसातून दहादा घाटावर कोण आलं म्हणून विचारून सुनेला भंडावणाऱ्या खीरोदाबाईंनी आज एकदाही विचारलं नाही. चला, आजचा दिवस तरी निभावला, असं शेफालीला वाटलं.

आणि आता हे वादळाचं प्रकरण. नाही म्हणत राहिलं तर संशय यायचा. तिनं दिव्याची वात वर केली.

पुस्तक जुनं, सासऱ्यांच्या पेटीतलं. त्यात नावाडी आणि त्याची बायको कडाक्याचं भांडतात, आणि तो नाव घेऊन निघतो तसं आभाळ काळवंडतं.

"हे लिहिणारे लोक!" खीरोदाबाई म्हणाल्या. "यांच्या पुस्तकात नवरा-बायको भांडले की लगेच वादळ. मी नि तुझे सासरे रोज भांडायचो, आभाळानं कधी ढुंकून पाहिलं नाही."

"मामंजी काय म्हणायचे?"

"म्हणायचे, वेडे, ते वादळ मनातलं असतं. मी म्हणायची, मनातल्या वादळात कुणी बुडत नाही ना, मग कशाला घाबरवता?"

शेफाली वाचत गेली. शीड फाटलं, वल्हं निसटलं. पुढची ओळ समोर दिसत होती. नाव उलटली. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि नजर वर उचलली.

"मग... मग वारा पडला," ती म्हणाली. "नाव हेलकावे खात खात आपल्याच घाटाला लागली."

खीरोदाबाई पुढे सरकल्या. "मग?"

"मग तो घरी आला. बायकोनं पाय धुवायला पाणी दिलं. ती अजून रुसलेलीच होती."

"असायचीच. मग?"

"मग तो जेवायला बसला. संपलं."

खीरोदाबाईंचे डोळे भरून आले होते.

"तुझ्या सासऱ्यांनी हे पुस्तक मला तीनदा वाचून दाखवलं होतं," त्या म्हणाल्या.

शेफाली खजील झाली. पुस्तक तिनं हळूच मिटलं. "रागावलात, आई?"

"रागावू कशाला? तिन्ही वेळा तो बुडाला. एकदा तरी घरी येऊ दे की बिचाऱ्याला." त्यांनी नाक पुसलं. "जा, तेलाची वाटी आण. कंगवाही आण."

शेफाली पाहतच राहिली. "तेल? आई, म्हणजे..."

"हारान सांगून गेलाय. गौरांगला घेऊन येतोय, आता भरतीच्या पाण्याबरोबर."

"आणि तुम्ही दुपारपासून मला बोलला नाहीत!" शेफाली एकदम रडायलाच लागली, हसतही होती. म्हणून ते मासे, म्हणून तो थाट! आणि आपण वेड्यासारखं दिवसभर झुरत बसलो. ती धावत आत गेली. तेल आणलं, कंगवा आणला, आणि न सांगता फळीवरून सिंदुराचा करंडाही काढून आणला.

खीरोदाबाईंनी तिला पुढ्यात बसवलं. ओंजळभर तेल टाळूवर घातलं. एवढं तेल त्यांनी कधी लग्नाच्या दिवशीही घातलं नव्हतं. बोटांनी जटा सोडवल्या, मन लावून, एकही केस न ओढता. सरळ भांग पाडला, वेणी घातली. खालून घाटाकडून माणसांचा आवाज ऐकू येऊ लागला.

"आई, लवकर," म्हणत शेफालीनं करंडा उघडून खांद्यावरून मागे धरला.

खीरोदाबाईंनी तो तिच्या हातातून घेतला, चाचपून झाकण लावलं, आणि आपल्या पांढऱ्या पदरात घट्ट बांधून टाकला.