लेथचं उद्घाटन

मुलांनो, डोळे मिटा आणि समोर एक लेथ मशीन उभं करा. लोखंड तासायचं यंत्र. त्याच्या तोंडाशी तीन दातांची एक जाड चकती असते, तिला चक म्हणतात. हा चक लोखंडाची कांब दातांत धरतो आणि मिनिटाला पाचशे वेळा गरगर फिरवतो. दातांत कांब आली की शालीचं टोक आलं, हे त्याला कळत नाही. ते माणसाला कळावं लागतं.

आता त्या मशीनला झेंडूचा हार घाला. चकालाही घाला. चौऱ्याहत्तर सालची खंडेनवमी आहे. खालापूरकडच्या एका हायस्कुलाच्या वर्कशॉपात मोठी माणसं जमली आहेत, त्यामुळे अक्कल वापरायची जबाबदारी कोणावरच नाही.

मशीन देणारे मालोजीराव हे संस्थेचे उपाध्यक्ष. साजगावला त्यांच्या पुतण्याचा कारखाना होता. तिथून काढून टाकलेलं मशीन त्यांनी हिरवा रंग मारून शाळेला दान दिलं. शाळेनं त्यांना शाल पांघरली, गुडघ्यापर्यंत येणारा हार घातला, आणि आता ते बटण दाबून मशीन चालू करणार होते.

वर्कशॉप शिकवणारे हिरामण सर बाजूला हात जोडून उभे होते. जूनपासून दर सोमवारी ते वर्गाकडून घोकून घेत: मशीनजवळ सैल बाही नको, लोंबतं कापड नको, मोकळे केस नकोत. नववीतली सुंदरा ही टेक्निकलला बसणारी एकटी मुलगी. तिला हे सगळं पाठ होतं. पण आज मुलगी म्हणून तिच्या हातात आरतीचं ताट दिलं होतं.

शालीचे गोंडे चकापासून वीतभर अंतरावर लोंबत होते. सुंदरानं सरांना हळूच सांगितलं. सर ओठ न हलवता म्हणाले की दोन मिनिटांचा प्रश्न आहे, गप रहा. तेवढ्यात फोटोग्राफरनं मालोजीरावांना आणखी थोडं वाकायला सांगितलं, म्हणजे चेहरा आणि मशीन एकत्र येतील. ते वाकले. गोंडे चकावर टेकले.

"सायेब, शाल काढा," सुंदरा म्हणाली. "हार पन. चकात जाईल."

मालोजीरावांनी मान वळवून तिला खालून वर पाहिलं.

"जमीन मी दिली, मशीन मी दिलं. आता कपडे पण उतरवू का गं?"

हशा पिकला. हेडमास्तर सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले. मग सुंदराला बाजूला घेऊन त्यांनी बजावलं की दसऱ्यानंतर तिनं शिवणाच्या वर्गात बसायचं. मशीन मुलींचं काम नाही, हे त्यांना आधीपासूनच वाटत होतं म्हणे. हिरामण सर आपल्या पायांकडे पाहत राहिले. पायांत चपला होत्या. एरवी चपला घालून आलेल्या मुलाला ते वर्कशॉपाबाहेर काढत.

सुंदरानं ताट बाकावर ठेवलं. भिंत चार पावलांवर होती. तिनं मेनचा खटका खाली ओढला.

मालोजीरावांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला.

कोणीतरी म्हणालं, लाइट गेली. सगळ्यांना ते लगेच पटलं. एकानं तर कर्जतलाही सकाळपासून नसल्याचं सांगून टाकलं. हिरामण सरांनी भिंतीकडे पाहिलं, सुंदराकडे पाहिलं, आणि तेही म्हणाले की हो, लाइटच गेली. एवढंच काय ते त्यांचं त्या दिवशीचं धाडस.

सुंदरानं नुसतं गप्प राहायचं होतं. लाइट गेल्याचा राग तिच्यावर कोणी काढला नसता. शिवणाचा वर्गही कदाचित टळला असता.

पण मालोजीराव खुर्चीत बसले, शाल दोन्ही खांद्यांवर सारखी केली आणि म्हणाले की आपल्याला घाई नाही, लाइट आली की दाबू. फोटोग्राफरलाही त्यांनी थांबवून घेतलं. मेनचं काही झालंय का ते पाहायला हेडमास्तरांनी शिपाई धाकलूला पिटाळलं. धाकलू भिंतीपाशी आला, त्यानं खटका पाहिला आणि हात पुढे केला.

"सरक गं."

सुंदरा सरकली नाही.

"लाइट गेली नाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मेन मी बंद केलाय. सायबांनी शाल आन हार काढून ठेवला की लावते."

या वेळी कोणी हसलं नाही. हेडमास्तरांनी तिला पूर्ण नावानं हाक मारली, बापाच्या नावासकट, आणि तीनपर्यंत मोजतो म्हणाले. एक म्हणून झालं. दोन म्हणून झालं.

सुंदरानं भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही हात मागे नेऊन खटका खाली दाबून धरला.