बूट आणि पातेलं

ओट्यावरचं कोरं पातेलं पाहून शैलजाने विचारलं, "हे कुठून आलं?"

"तुझ्या पळायच्या बुटांवर बोहारणीने दिलं," सासूबाई म्हणाल्या. "काल मॅरेथॉन झाली, व्रताचं उद्यापन झालं. आता घराकडे बघ जरा."

मॅरेथॉनचं पदकही त्यांनी हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. शैलजाने पातेलं उचललं. मांड्या इतक्या भरून आल्या होत्या, की कठडा धरून तिला जिना उलट्या पावलांनी उतरावा लागला.

बोहारीण फाटकापाशी गाठोडं बांधत होती. "झालेला सौदा मी मोडत नाही, ताई," ती म्हणाली. तेव्हा शैलजाने काल सोसायटीने सत्कारात दिलेली शाल अंगावरून काढून पातेल्यावर ठेवली, बूट घेतले आणि तिथेच पायात चढवले.

गॅलरीतून नवरा ओरडला, "अगं, आता कशाला बूट?"

"अर्ध्या मॅरेथॉनला नाव देतेय. पाय मोकळे झाले की सराव सुरू."

"पूर्ण झाली ना तुझी? मग आता अर्धी कशाला?"

लेस आवळत तिने वर पाहिलं. "काल रडतखडत पोचले, अहो. आता मला पळायचंय."