पेट्रेलवरचा शेवटचा बंक

अगं, तो फोन ठेव आणि ऐक आधी. मधे बोलू नकोस, नाहीतर माझं काहीतरी सांगायचं राहील. आपली टेस इथे केर्न्सच्या धक्क्यावर, समुद्रात डाइव्हिंगला नेणाऱ्या बोटींचं बुकिंग करते ना, तिच्याकडे काल सकाळी एक बाई आली. ग्लेनिस नाव. पन्नाशीची, केस एकदम बारीक कापलेले, काखेत थर्मास. समोर कॉफीची पाच दुकानं, आणि ही घरून चहा घेऊन आलेली. बसली आणि म्हणाली, "चार दिवस बोटीवर राहून डाइव्ह करायचंय. बोट तू निवडून दे."

"आधी किती डाइव्ह झाल्यात?" टेसने विचारलं.

"दोनशेच्या वर. पण सहा वर्षं समुद्रात पाय घातला नाही."

"का हो?"

"नाही घातला. आता या खेपेला नाही गेले तर कधीच जाणार नाही. मी स्वतःला ओळखते."

टेसने पहिली बोट दाखवली. तीस माणसं, वरच्या डेकवर गरम पाण्याचा टब, रोज गोडाचे तीन प्रकार. बाईने फोटोंकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "डाइव्ह झाल्यावर माणसं मोजतात कशी?"

"डोकी मोजतात. दोनदा. मग सह्या घेतात."

"तीस डोकी, सगळी ओली, सगळी हलणारी. नको. पुढची दाखव."

पुढची बोट स्वस्तातली, सगळी विशीतली पोरं, दिवसभर गाणी. टेस म्हणाली, "इथे यादी फिरवतात. पाण्यातून परत आलं की ज्याने त्याने आपल्या नावापुढे सही करायची."

"ज्याने त्याने? की एकजण चौघांच्या ठोकून देतो?"

टेसला हसूच आलं. कारण करतात गं सगळे! आपण नाही करत? हात ओले, पेन उमटत नाही, पोटात कावळे ओरडतायत, आणि जोडीदार कपडे बदलायला गेलेला. मागच्या वेळी तूच नाही का ओरडलीस, माझी पण कर म्हणून?

"चालतं हो तेवढं," टेस म्हणाली.

"नको," बाई म्हणाली.

आता टेसच्या डोक्यात प्रकाश पडला. हिला कधीतरी बोट समुद्रातच सोडून निघून गेलेली असणार. तिने जपून विचारलं, "काही झालं होतं का तुमच्याबाबतीत?"

बाईने थर्मासचं झाकण घट्ट केलं, परत सैल केलं. "झालं होतं. बाहेरच्या रीफवर, त्या लांबच्या प्रवाळांपाशी."

"मग तुमच्यासाठी एकच बोट! पेट्रेल!" टेस एकदम सुटलीच. "लोखंडी आहे, जुनी आहे, बाराच माणसं घेते. डोलते इतकी की कालचं जेवण पण वर येईल. पण कप्तान बघा. त्याला स्वतःलाच सोडून गेले होते. सुट्टीवर होता, दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटीवर. पाण्यातून वर आला तर बोट गायब! त्याच्या नावापुढे दुसऱ्याच कुणीतरी सही करून टाकली होती. तेव्हापासून प्रत्येक डाइव्हनंतर तो स्वतः यादी घेऊन उभा राहतो. तोंड बघतो, मगच पेन देतो. शेवटची सही होईपर्यंत इंजिनाची चावी त्याच्या खिशात. एकदा एक बाई म्हणाली, नवरा टॉयलेटमध्ये आहे, मी करते त्याची. तर याने यादी टॉयलेटच्या दाराखालून आत सरकवली! म्हणाला, निवांत बस बाबा, पण सही कर!"

ग्लेनिस पहिल्यांदा हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "नाव काय याचं?"

"रॉस. तो बघा, बाहेर बोटीवर हवेचे सिलिंडर चढवतोय. हिरव्या टोपीवाला."

बाईने काचेतून बघितलं. बराच वेळ बघत राहिली. चहा ओतून घेतला होता, तो तसाच राहिला.

"हीच बोट," ती म्हणाली.

"नशीबवान आहात. एकच बंक उरलाय झोपायला. दुपारी सुटतेय."

टेसने फॉर्म पुढे सरकवला. बाई लिहायला लागली. आणि आपली टेस, तोंडाला कुलूप आहे का तिच्या? फॉर्म भरून होईपर्यंत बडबड चालूच. "ती सही कुणाची ते कळलंच नाही हो शेवटपर्यंत. सगळ्यांना विचारलं, सगळे म्हणाले, मी नाही. रॉस म्हणतो, तो एक माणूस सोडून मी कुणालाही माझ्या बोटीवर घेईन. आणि मला तर म्हणतो, 'पोरी, माझ्या जिवाची काळजी नव्हती गं, पण चूक झाली एवढं तरी कुणी येऊन सांगायचं होतं.' पाच तास पाण्यात होता बिचारा."

"पाच तास चाळीस मिनिटं," ग्लेनिस म्हणाली. मान वर केली नाही. लिहीतच होती.

"तुम्हाला कसं माहीत?"

तिने तारीख टाकली, खाली सही केली, फॉर्म टेसच्या हातात दिला.

"जेवण वाढलं होतं," ती म्हणाली. "यादीवाली पोरगी ओरडत होती, रॉस कुठाय, रॉस कुठाय. खाली शॉवरचा आवाज येत होता. मला वाटलं, तोच आहे. सगळे भुकेले होते, म्हणून मीच करून टाकली त्याची सही."

आणि तेवढ्यात रॉस दारात. घामाघूम, टोपीने वारा घेत. "काय गं टेस, भरला का शेवटचा बंक?" बाई दाराकडे पाठ करून बसलेली, फॉर्म टेसच्या हातात. सांग ना, तू काय केलं असतंस?